खालची प्रेस थांबली की

मयेकर मॅडम दुपारी एक ते दीड कुणाशीही बोलत नसत. फोन उचलत नसत, दाराकडे मान वळवत नसत. खुद्द शेठ येऊन उभे राहिले तरी डावा हात वर करून त्यांना थोपवत. नव्या माणसाला वाटायचं, बाईंची जेवायची वेळ असेल. पण त्या अर्ध्या तासात जेवत असायचे ते आमच्या खालच्या गाळ्यातले कामगार.

आमची कंपनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, साकीनाक्याच्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. केसाएवढ्या काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश नेणाऱ्या केबली जोडायला जे बारीकसारीक सामान लागतं ते आम्ही बनवायचो. तळमजल्यावर पत्र्याचे वॉशर ठोकणारी पॉवर प्रेस होती. सकाळी ती सुरू झाली की आमच्या टेबलावरच्या चहात गोल लाटा उठायच्या. आमच्या कामाला त्या आड येत नसत. मॅडमच्या कामाला यायच्या. म्हणून त्या एकदा खाली गेल्या आणि प्रेसचा मुकादम रामसजीवन याला त्यांनी विचारलं, "भैया, तुम लोग खाना कब खाता है?"

त्याला वाटलं, बाई जेवायला बोलावतायत. तो लाजला. "एक बजे, मॅडम."

"रोज एक ही बजे?"

"भूख तो रोज एक ही बजे लगती है."

तेव्हापासून खालची प्रेस थांबली की मॅडमचा खरा दिवस सुरू व्हायचा. त्यांचा स्वतःचा डबा मग कधीतरी उन्हं कलल्यावर उघडायचा. त्यात बहुतेक वेळा थंड झालेली चपाती आणि सुकटीची चटणी असायची, आणि त्या वासाने आमचे शाकाहारी मेहताशेठ केबिनचं दार हळूच लोटून घ्यायचे. त्यावरून कधी कुणी कुणाला बोललं नाही.

मी तिथे नोकरीला लागलो तो मॅडमच्या खोलीत. खोली म्हणजे गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून वेगळा केलेला तुकडा. शेठ त्याला मोठ्या अभिमानाने ‘आर अँड डी’ म्हणायचे. मुलाखतीला मॅडमनी माझे मार्क बघितलेच नाहीत. विचारलं, "बसने आलास की रिक्षाने?"

"बसने."

"उभा होतास?"

"हो."

"बस एकसारख्या वेगाने चालली असेल तर तू काय करतोस?"

"काही नाही. मोबाइल बघतो."

"आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला की?"

"पडतो."

"पडत नाहीस. पुढच्या बाईच्या अंगावर जातोस आणि शिव्या खातोस. म्हणजे तुझ्या अंगाला वेग कळत नाही, वेग बदलला की तेवढं कळतं. मला प्रकाशासाठी असं अंग बनवायचंय. येशील?"

मी हो म्हटलं. काय म्हणतायत ते पुरतं कळायला मला पुढे बरेच महिने लागले. बारावीला आपण अवकलन शिकतो, एखादी गोष्ट किती झपाट्याने बदलते ते काढायचं गणित. ते गणित मॅडमना वीज न वापरता, थेट प्रकाशाकडून करून घ्यायचं होतं. फायबरच्या एका टोकाने प्रकाशाची एक अतिशय छोटी लाट आत सोडायची, दुसऱ्या टोकाने तिचं अवकलन बाहेर यायला पाहिजे. अशा जोडणीला ऑप्टिकल डिफरन्शिएटर म्हणतात. आम्ही तिला ‘पट्टी’ म्हणायचो, कारण तयार फायबर एका स्टीलच्या पट्टीवर चिकटवलेलं असायचं.

"पण कशाला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "संगणक आहेत ना."

"प्रकाशातून आलेला सिग्नल आधी विजेत उतरवायचा, मग त्याचं गणित करायचं, मग परत प्रकाशात चढवायचा. वीज बिचारी धापा टाकते रे. जे प्रकाशात उरकता येतं ते तिच्या डोक्यावर कशाला?" आणि मग चष्मा कपाळावर सरकवून, एखादं गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "गंमत काय आहे माहितीये? लाट जिथे सगळ्यात उंच असते तिथे ती क्षणभर ना चढत असते, ना उतरत. बदल शून्य. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उजेड, बरोबर तिथे माझ्या फायबरमधून काळोख यायला हवा."

हे सांगताना त्या इतक्या खूश व्हायच्या की ऐकणाऱ्याला उगाच आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायचं.

मॅडमचे वडील मालवणकडून येऊन लालबागच्या गिरणीत लागले होते. मॅडम शिकल्या, घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी. झाल्या, आणि लोक निवृत्तीच्या गोष्टी करतात त्या वयात कॉलेज सोडून आमच्या गाळ्यात आल्या. यापलीकडे स्वतःविषयी त्यांनी कधी काही सांगितलं नाही. बोलायच्या आमच्याशी शुद्ध, ठाशीव मराठी. मालवणी फक्त फायबरसाठी आणि यंत्रासाठी राखून ठेवलेली. फायबर खाचेत नीट बसेना की, "रव गो बाय, जरा गप रव." आणि यंत्राने ऐन वेळी दगा दिला की, "मेल्या, तुका आत्ताच मरूचा होता?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच बोलल्या.

त्यांच्यापुढे ‘साधारण’ हा शब्द चालत नसे. "साधारण तीन येतंय मॅडम," असं कुणी म्हटलं की त्या काही न बोलता त्याच्याकडे बघत राहायच्या. तो माणूस मुकाट्याने परत मोजायला जायचा. केबली बांधणाऱ्या मुलींनासुद्धा ही सवय लागली होती. त्यातली एक घरी सासूला म्हणाली होती म्हणे, साधारण किती मीठ घालू असं नका विचारू, चमच्याने सांगा.

पट्टी बनवायची रीत ऐकायला सोपी. फायबरवरचं प्लास्टिकचं साल काढायचं, एका टोकाला बारीक वजन लावून ते ताणायचं, आणि फायबर जोडायच्या यंत्रात, दोन सुयांच्या मध्ये विजेची ठिणगी पाडून, त्याला एका जागी चटका द्यायचा. मग केसभर पुढे सरकवून पुन्हा चटका. असे ओळीने चटके बसले की एका ठरावीक रंगाचा प्रकाश फायबरच्या गाभ्यातून बाहेरच्या काचेत निसटायला लागतो. तो पूर्ण निसटला तरच मॅडमना हवा तो काळोख मिळतो. चटका कमी पडला तर थोडा आत राहतो. एक जास्त झाला तर बाहेर गेलेला परत आत यायला लागतो. आणि सुया वापराने झिजतात, त्यामुळे कालची ठिणगी आणि आजची ठिणगी सारखी नसते. मॅडम ती तिच्या ‘टिक’ आवाजावरून ओळखायच्या आणि पुढचा चटका त्याप्रमाणे कमीजास्त करायच्या. खाली प्रेस चालू असली की हा आवाज ऐकू यायचा नाही आणि फायबरही थरथरायचं. म्हणून तो एक ते दीड.

पहिली नीट पट्टी झाली तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. ती चालते की नाही ते बघायचं कशावर? आमच्याकडे एक ऑसिलोस्कोप होता, लाटा पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र, कंपनीच्या मानाने चांगला. पण आमची प्रकाशाची लाट इतकी झटकन येऊन जायची की त्याला काहीच दिसायचं नाही. मॅडम म्हणायच्या, "हा आपला स्कोप म्हणजे लग्नाला पंक्ती उठल्यावर येणारा पाहुणा. खरकटी पानं बघून म्हणतो, जेवण झालेलं दिसतंय." एवढी छोटी लाट टिपणारी यंत्रणा उपनगरातल्या एका संशोधन संस्थेत होती. तिथे डॉ. रेवती म्हणून एक तरुण शास्त्रज्ञ होत्या, मॅडमच्या कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी यंत्रावर थोडा वेळ देऊ केला.

मॅडमचे यजमान चित्रकलेचे शिक्षक होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी आपली ब्रश ठेवायची लाकडी पेटी दिली. त्यात स्पंज घालून पट्टी ठेवली आणि आम्ही रिक्षात बसलो. पेटी मांडीवर, तिच्यावर मॅडमचे दोन्ही हात.

"भाऊ, खड्डे चुकवत चला."

"मॅडम, खड्डे चुकवायचे तर रस्ताच सोडायला लागेल," रिक्षावाला म्हणाला. पण चालवली त्याने खरंच जपून. मागच्या बसवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, तरी वेग वाढवला नाही.

तिथे पोचलो तर लाट सोडणारा लेझरच बंद. परदेशातून सुटा भाग यायचा होता. रेवतीबाईंना इतकं वाईट वाटलं की मॅडमनाच त्यांची समजूत घालावी लागली. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो, तर भाग आला होता पण तो बसवणारा माणूस आला नव्हता. परत येताना मॅडम रिक्षात म्हणाल्या, "चालत असेल ना रे ती, पराग?"

"असेल ना, मॅडम."

"तू ‘असेल’ म्हणतोस. मीही ‘असेल’च म्हणतेय. कुणीच बघितलं नाही तर ती चालते असं म्हणायचं तरी कसं?"

त्यानंतर कधीतरी रेवतीबाईंचा फोन आला, यंत्र चालू झालंय, आत्ता या. आम्ही गेलो. आधी पट्टी न लावता नुसती लाट बघितली. पडद्यावर एक उंचवटा आला, लहान मुलं डोंगर काढतात तसा. मग पट्टी मध्ये जोडली. एकाऐवजी दोन उंचवटे आले, शेजारी शेजारी, आणि दोघांच्या मधली रेषा पार तळाला टेकलेली. जिथे सगळ्यात जास्त उजेड होता तिथे काळोख.

रेवतीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "काढ." मी पट्टी काढली. एक उंचवटा. "लाव." दोन उंचवटे. "काढ." असं त्यांनी किती वेळा करायला लावलं कोण जाणे. शेवटी रेवतीबाईच म्हणाल्या, "मॅडम, आहे हो ते. कुठे जात नाही." तेव्हा मॅडम उठल्या, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवीतून डबा काढला आणि शांतपणे जेवल्या. मी शेजारी जाऊन बसलो तर चपातीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "आज गरम आहे बघ." नव्हती. पण मी तो तुकडा खाल्ला.

ती पट्टी रेवतीबाईंनी त्यांच्या प्रयोगांसाठी ठेवून घेतली. त्यांनी चांगला शब्द टाकला म्हणून बंगळूरच्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीने आमच्याकडे चौकशी केली. शेठनी त्या दिवशी सगळ्यांना जिलबी वाटली. पण त्या कंपनीला एक पट्टी नको होती. खोकंभर पट्ट्या हव्या होत्या, आणि सगळ्या हुबेहूब सारख्या.

याच सुमाराला मला ते पहिल्यांदा दिसलं. चहा पिताना मॅडमचा उजवा हात टेबलावर नुसता पडलेला होता, आणि अंगठा आणि तर्जनी आपसूक हलत होती, वाती वळल्यासारखी. त्यांनी माझी नजर बघितली.

"वाती वळतेय," त्या हसून म्हणाल्या. "वय झालं. आता देवपूजेला लागायला हवं."

हसण्यावारी नेलं. पण काही दिवसांनी दार लोटून घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाऊन आले. पार्किन्सन म्हणतात. कुणाला सांगू नकोस असं मी म्हणणार नाही. पण कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगू नकोस."

"औषध आहे ना मॅडम त्यावर?"

"आहे. थांबत नाही, हळू होतं." मग लगेच, मलाच धीर द्यायला असावं, म्हणाल्या, "आणि हे बघ." त्यांनी फायबर हातात घेतलं. वाती वळणं थांबलं. हात दगडासारखा स्थिर. "बघितलंस? काम हातात असलं की गप्प बसतो. रिकामा असला की नाटकं करतो. म्हणजे रिकामा ठेवायचाच नाही. झालं."

तेव्हा मला ते खरं वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. त्या दिवसांत त्यांनी काही पट्ट्या फार सुरेख केल्या, एकीसारखी दुसरी. बंगळूरला नमुने गेले आणि पसंत पडले.

हाताने मॅडमना थरथरून दगा दिला नाही. तो नुसता सावकाश होत गेला. साल काढायला पूर्वी क्षणभर लागायचं, तिथे बोटं चिमट्यावर आवळायलाच वेळ लागू लागला. फायबर खाचेत ठेवायचं म्हणजे एक छोटं काम. मॅडम हात उचलायच्या, आणि तो मध्येच, हवेत, कुणीतरी धरून ठेवल्यासारखा थांबायचा. त्या त्याच्याकडे बघत राहायच्या. मालवणीतून बोलायच्या. पण आता फायबरशी नाही, हाताशी. "चल रे. चल बाबा." मी शेजारी उभा असायचो. मदतीला हात पुढे केला की त्या मान हलवायच्या, आणि मी हात मागे घ्यायचो. आणि पट्टी अर्धी झालेली असताना खालून धाड आवाज यायचा. दीड वाजलेला असायचा. प्रेस सुरू.

एक दिवस त्या खाली रामसजीवनकडे गेल्या. मी बरोबर होतो. सरळ म्हणाल्या, "भैया, थोडा आराम से खाओ ना."

त्याला कारण माहीत नव्हतं. पण त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. पुढचे काही दिवस प्रेस दीडला सुरू झाली नाही. कामगार जेवून तसेच भिंतीला टेकून बसायचे, विड्या ओढायचे. दहा मिनिटं, कधी पंधरा. मॅडमचं काम त्यातही पुरं होईना. मग एका दुपारी रामसजीवन स्वतः वर आला, दारात चपला काढून उभा राहिला.

"मॅडम, मालिक आए थे. देख लिया. मैं क्या बोलूँ, बताइए."

"कुछ मत बोलो, भैया. तुमने बहुत किया."

तो गेला, आणि खालून धाड धाड सुरू झालं.

मग त्या मला शिकवायला लागल्या. याआधी मी मोजमाप करायचो, चटके त्या द्यायच्या. आता सुयांपुढे मी बसलो आणि त्या माझ्या खांद्यामागे. कागदावर लिहिण्यासारखं जे होतं ते सगळं मला पाठ होतं. तरीही माझी पट्टी दोन उंचवट्यांच्या मधली रेषा तळाला टेकेल अशी होत नव्हती. आमच्या मोजणीवरच कळायचं की प्रकाश पूर्ण निसटलेला नाही, किंवा निसटून परत आलाय.

"आता ऐक," त्या म्हणायच्या. टिक. "हा सुका वाजला. पुढचा चटका थोडा कमी सोड."

"किती कमी सोडू?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती, मॅडम?"

साधारण म्हटलं तर माणसाला परत पाठवणारी ती बाई, डोळे मिटून बोटं हवेत हलवून बघत होती, पण बोटं सांगत नव्हती. "मला सांगता येत नाहीये रे," त्या म्हणाल्या. "मी मोजलंच नाही कधी. मला वाटायचं, मोजतेय."

मी आणखी किती तरी पट्ट्या केल्या. शेठनी फायबर आपोआप सरकवणारी मोटरसुद्धा आणून दिली. ती सरकवायची अगदी अचूक, पण सुई झिजल्याचं तिला ऐकू यायचं नाही. माझ्या एका पट्टीवर मॅडम म्हणाल्या, "ही जवळ आलीये." मी खूश झालो. पुढची पुन्हा लांब गेली.

बंगळूरवाले चांगली माणसं होती. त्यांनी वाट बघितली. मग त्यांचं पत्र आलं, की परदेशात हेच काम आता नखाएवढ्या चिपवर होतं, हजारोंनी छापता येतं, सगळ्या सारख्या निघतात, आणि ते तिकडे वळतायत. शेवटी मॅडमचे आभार मानले होते, आणि ते मनापासून असावेत. मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाल्या. "मीसुद्धा हेच केलं असतं."

खोली बंद करायचं सांगायला शेठ आले तेव्हा मी तिथेच होतो. मेहताशेठ तसे बोलके, पण दारात उभे राहून नुसतं घड्याळाशी चाळा करत राहिले.

"मॅडम, तुमी सांगा, मी काय करू? मला समजते का ह्यातला काय? तुमी चालू ठेवा म्हणता तर..."

"नाही शेठ. मी म्हणत नाही."

"तुमी एकदा म्हणा तरी."

"कशाच्या जोरावर म्हणू?" मॅडमनी उजवा हात टेबलाखाली घेतला. "तुम्ही इतकी वर्षं सुकटीचा वास सहन केलात. आणखी काय करायचं माणसाने?"

शेठ हसायला गेले आणि त्यांचा चेहरा भलताच झाला. ते वळून चालते झाले. त्या आठवड्यात प्लायवूड निघालं. कनेक्टर तपासायच्या टेबलावर मॅडमना खुर्ची दिली. तिथे त्या सूक्ष्मदर्शकाखाली कनेक्टरची टोकं बघायच्या आणि ओरखडा असला तर बाजूला काढायच्या. ते काम त्यांनी नेटाने केलं. एक दिवस स्क्रू फिरवताना हात पुढेच जाईना, शेजारच्या मुलीने न सांगता तो फिरवून दिला, आणि मॅडम तिला थँक्यू म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली.

मीही नंतर दुसरीकडे लागलो. अधूनमधून फोन करायचो. फोनवर त्यांचा आवाज बारीक होत गेला. त्यांचे यजमान, मी त्यांना काका म्हणायचो, मध्येच फोन घेऊन सांगायचे, "ती म्हणतेय, जेवत जा वेळेवर."

यंदा रेवतीबाईंचा मला फोन आला. ती पहिली पट्टी, जी त्यांनी ठेवून घेतली होती, ती अजून रोज वापरात होती. तिच्यावर त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचं काम चाललं होतं. आणि ती तुटली. "चिपवाल्या आहेत रे आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "पण या पोरांचं सगळं मोजमाप हिच्यावर झालंय. तशीच दुसरी मिळेल का? मॅडमना विचारशील? मला धीर होत नाही."

मलाही होत नव्हता. पण एका रविवारी संध्याकाळी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. काकांनी दार उघडलं. मॅडम खिडकीपाशी खुर्चीत होत्या. बारीक झाल्या होत्या, केस कापलेले. चेहरा पूर्वीसारखा हलत नव्हता, त्यामुळे मी आलो त्याचा आनंद झाला की नाही कळेना. मग त्यांनी डोळ्यांनी शेजारची खुर्ची दाखवली, तेव्हा कळलं.

इकडचं तिकडचं बोलून झालं. काकांनी पोहे आणले. मी रेवतीबाईंचं सांगितलं. ऐकताना त्यांचे हात मांडीवर वाती वळत होते.

"कुठे तुटली?" त्यांनी विचारलं. मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"त्यांच्या लॅबमध्ये. कुणाचा तरी धक्का लागला."

"तसं नाही. सांध्यापाशी तुटली की मध्ये, चटक्यांवर? सांध्यापाशी असेल तर जोडता येते. तू जोडशील."

मी तिथूनच रेवतीबाईंना फोन लावला. मॅडम माझ्याकडे टक लावून बघत होत्या. काकाही चहाचे कप हातात घेऊन तसेच थांबले. रेवतीबाई म्हणाल्या, मध्ये. अगदी मधोमध.

मी फोन ठेवला. "मध्ये तुटलीये, मॅडम."

त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मग नाही." आणि थोड्या वेळाने, "त्या पोरांचं काय होणार?"

"काही दिवस वाया जातील. परत मोजतील."

"हं."

काकांनी कप खाली ठेवले. मी म्हणालो, मी पुन्हा करून बघू का, ते यंत्र अजून शेठकडे आहे. त्या माझ्याकडे वळल्या. "बघ," म्हणाल्या. त्यात आशा नव्हती आणि नको म्हणणंही नव्हतं. मी प्रयत्न करीन हे दोघांनाही माहीत होतं, आणि काय होईल तेही.

निघताना मी उठलो तर त्याही उठायला लागल्या. काका म्हणाले, "तू बस, मी सोडतो त्याला." त्यांनी मान हलवली. खुर्चीचा हात धरून, दोनदा मागे बसून, तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. पाय आधी जागेवरच घुटमळले, मग निघाले. दारापर्यंत आल्या. बाहेरच्या जाळीच्या दाराला लोखंडी कडी होती. ती काढायला त्यांनी हात लावला.

मी पुढे झालो. काकांनी मागून माझा दंड धरला.

आम्ही दोघे उभे राहिलो. त्यांची बोटं कडीवर होती. कडी वर करायची होती, एवढंच. बोटांना ते माहीत होतं, पण ती निघत नव्हती. जिन्यात कुणाच्या तरी घरचा टीव्ही ऐकू येत होता. मॅडमची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. खूप वेळाने कडी वर गेली. त्यांनी दार ढकललं आणि बाजूला झाल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "सांभाळून."

मी वाकून नमस्कार केला आणि जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर आलो तेव्हा मागे दार ओढून घेतल्याचा आवाज झाला, आणि मग लोखंडावर लोखंड वाजायला लागलं. कडी जागी बसत नव्हती. टक. थांबून पुन्हा टक. मी तिथेच थांबलो. खालून एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्या माझ्याकडे बघतच वर गेल्या, आणि मी उगाच फोन काढून कानाला लावला. वर टक टक चालूच होती.

मग ती थांबली. कडी लागली, की काकांनी लावली, की तशीच राहिली, ते खालून कळायला मार्ग नव्हता. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो आणि खाली उतरलो.